वजाची रेघ

शनिवार, १९ नोव्हेंबर १९८८

आज आमच्या रक्तदान मंडळाच्या खोलीत कपाट लागलं. दिवाळीपासून डोक्यात हेच होतं. विश्वनाथने पॉलिटेक्निकच्या सुताराकडून उथळ खणांचं करून घेतलं. प्रत्येक खणात आमच्या प्रोग्रामची वेगळ्या प्रकारची फ्लॉपी. रंगीत पडद्यासाठी वेगळी, साध्या पडद्यासाठी वेगळी. प्रिंटर पिनांनी टिंबं ठोकून अक्षर उमटवतो, म्हणून जुन्या नऊ पिनांच्या प्रिंटरची वेगळी, नव्या चोवीस पिनांच्याची वेगळी. हार्ड डिस्क असलेल्यांची, नसलेल्यांची. मराठी, इंग्रजी. प्रोग्राम करतो ते एवढंच की रक्तदात्यांची नावं, पत्ते, गट भरून ठेवतो आणि दवाखान्याच्या भिंतीवर लावायला यादी छापून देतो. पण विदर्भात कुणाकडे कसलंही मशीन असो, त्याची फ्लॉपी आमच्या कपाटात आहे. पैसे घेत नाही, नाव विचारत नाही. आतलं लिखाणही उघडं आहे. वाचा, बदला, पुढे द्या.

डॉक्टर कृष्णकांत मंडळाचे अध्यक्ष. कपाटाकडे बघून म्हणाले, "मार्तंडराव, बिनगल्ल्याचं दुकान काढलंत तुम्ही." मला फार बरं वाटलं.

प्रोग्रामचा गाभा माझा, छपाईचा भाग विश्वनाथचा. आमची शाळेपासूनची दोस्ती. तो पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेत, मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो. त्याचं एकच टुमणं होतं की रक्तगटापुढे अधिक आणि वजा, दोन्ही खुणा छापू. मी नको म्हटलं. आपल्याकडे शंभरातले पंचाण्णव पॉझिटिव्ह. तितक्या वेळा अधिक छापून कागद कशाला भरायचा? ज्याच्यापुढे वजाची रेघ नाही तो पॉझिटिव्ह, संपलं. यादी कशी स्वच्छ दिसते. शेवटी तो "बरं" म्हणाला.

शनिवार, २६ नोव्हेंबर

प्रेमिला बँक सुटल्यावर शनिवारी फ्लॉप्या द्यायला बसते. मुलगी कामाची आहे, पण धीर नाही. आज म्हणाली, "सर, लोक येतात, कपाट पाहतात अन् मलाच विचारतात, कोणती नेऊ. मी विचारते मशीन कोणतं, तर म्हणतात पांढरं."

मी म्हटलं, माहितीपत्रक दे.

"देऊन राहिले ना. चार पानं आहेत. दोघं तर माहितीपत्रकच घेऊन गेले, फ्लॉपी राहिली इथंच."

माहितीपत्रक आणखी सविस्तर करायला हवं. प्रिंटर कसा ओळखावा याचं एक पान वाढवतो.

शनिवार, ३ डिसेंबर

नवं माहितीपत्रक सायक्लोस्टाइल होऊन आलं. पहिलाच माणूस खाप्याचा भेटला. रुपराव नाव, शेती आहे, गावात रक्तदानाची शिबिरं घेतात. सावनेरच्या एका कॉम्प्युटर क्लासवाल्याने रविवारी मशीन वापरायला देऊ केलंय. ते कपाटासमोर टोपी हातात घेऊन बराच वेळ उभे होते.

"यातली आमची कोनती, साहेब?"

"मशीन कसं आहे त्यावर आहे. प्रिंटर कोणता?"

"नवा हाय म्हंते क्लासवाला."

"नवा म्हणजे?"

"आता घेतला. दसऱ्याले."

मी हसलो. कागद हातात दिला आणि म्हटलं, सगळं यात आहे, निवांत वाचून घ्या, मग निवडा. त्यांनी पानं उलटून पाहिली, घडी करून खिशात ठेवली आणि ज्या खणात सगळ्यात जास्त फ्लॉप्या होत्या त्यातली एक उचलली. प्रेमिला काही बोलणार होती, मी तिला खुणेने थांबवलं. माणसाला त्याच्या मनाने निवडू द्यावं. शिबिराची यादी उद्याच भरतो म्हणाले. समाधानाने गेले.

शनिवार, १७ डिसेंबर

आत्ताच दवाखान्यातून आलो.

दुपारी खालच्या औषधाच्या दुकानात आमच्यासाठी फोन आला. सावनेरहून जीपमधून एक बाई आणली होती, बाळंतपणानंतर रक्त थांबत नव्हतं. ओ निगेटिव्ह. इथे नागपूरच्या दवाखान्यात एकच बाटली होती, ती लावली होती. आणखी हवं होतं, लगेच.

आमच्या स्वतःच्या यादीत मोजके ओ निगेटिव्ह. एकाने महिन्याआधीच दिलेलं, एक पुण्याला गेलेला, आणि एक कोराडीला वीजकेंद्राच्या वसाहतीत राहणारा वसंत म्हणून. विश्वनाथ स्कूटरची किल्ली घेऊन उतरला. मी दवाखान्यात गेलो.

व्हरांड्यात रुपराव बसले होते. मी ओळखलं, त्यांनीही. बाई त्यांची पुतणसून, कौसल्या. पहिलंच बाळंतपण. त्यांच्या मांडीवर आमच्या प्रोग्रामने छापलेली खाप्याची यादी होती, घामाने कोपरे मऊ झालेली.

"सकाळपासून हेच पाहून राह्यलो, साहेब. सावनेरले डॉक्टर म्हने, ओ निगेटिव्ह माणूस आना, इथंच चढवतो. चारदा वाचली लिस्ट. क्लासवाल्यानंबी वाचली. एक बी निगेटिव्ह नाही. मंग गावातून जीप बलावली, तिले इकडं आनली. तोवर लय गेलं होतं रक्त."

मी त्यांना समजावलं. निगेटिव्ह रक्त दुर्मिळच. शिबिरात ऐंशीएक माणसं, त्यात ओ निगेटिव्ह एकही नसणं हे हिशोबाने अगदी शक्य आहे, त्यात कुणाची चूक नाही. ते मान हलवत होते. त्यांना जरा धीर आला असावा.

विश्वनाथ वसंतला मागे बसवून आला तेव्हा दोघांच्या भुवयांवर राख होती. वीजकेंद्राची राख नेणाऱ्या ट्रकांच्या मागून आले होते. वसंत पाळीवरून सुटून जेवायला बसला होता, तसाच उठून आला. नर्सने त्याला आत नेलं. पाठोपाठ बाईला ऑपरेशनला घेतलं.

रविवार, १८ डिसेंबर

कौसल्या जगली. गर्भाशय काढावं लागलं. मुलगी ठीक आहे.

डॉक्टर कृष्णकांत म्हणाले, तीन-चार तास आधी रक्त मिळालं असतं तर ही वेळ आली नसती. मी म्हटलं, पण मिळण्यासारखं नव्हतंच ना तिकडे. ते म्हणाले, हो, तेही खरं.

गुरुवार, २२ डिसेंबर

तास संपवून बाहेर आलो तर कॉलेजच्या पायऱ्यांवर रुपराव. सोबत एक बारीक, उंच माणूस. हे महादेव, म्हणाले, आमच्याच गल्लीत राह्यतात, हातमाग चालवतात. महादेवने खिशातून शिबिराचं कार्ड काढून माझ्यासमोर धरलं. ओ निगेटिव्ह. शिक्का, सही, सगळं.

"माह्या घरापासून चार घरं पुढं," रुपराव म्हणाले. "काल मले विचारते, काका, मले काहून नाही बोलावलं?"

मी यादी मागितली. महादेवचं नाव होतं. पत्ता होता. गट: ओ. पुढे काही नाही.

"भरताना चुकलं असेल," मी म्हटलं.

"क्लासवाल्यानं मशीनवर दाखवलं, साहेब. तिथं हाय. पडद्यावर रेघ हाय. कागदावर येत नाही." मग खालच्या आवाजात, "मी चुकीची फ्लॉपी उचलली असन. कपाटात तर बऱ्याच होत्या."

मी म्हटलं, बघतो. दुसरं काय म्हणणार. महादेवने कार्ड परत नीट खिशात ठेवलं.

शनिवार, २४ डिसेंबर

सदर बाजारातल्या एका कॉम्प्युटर विक्रेत्याकडे सावनेरच्या क्लासवाल्यासारखाच चोवीस पिनांचा प्रिंटर आहे. विश्वनाथ आणि मी रुपरावांनी नेली त्याच खणातली फ्लॉपी घेऊन गेलो. नऊ पिनांसाठीची. अक्षरं जराशी दबकी आली, पण वाचता येतात. वजाची रेघ मात्र एका टिंबाच्या जाडीची. ती या प्रिंटरवर टिंबांच्या दोन ओळींच्या फटीत पडते आणि नाहीशी होते. ज्याला ठाऊक नाही त्याला कागद अगदी ठीक वाटेल. तेच वाईट. कचरा छापला असता तर कुणीही परत आणली असती.

विश्वनाथ कागद उजेडाकडे धरून उभा होता. त्याचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. मी म्हटलं, "अरे, माहितीपत्रकात तिसऱ्या पानावर साफ लिहिलंय, ही फ्लॉपी चोवीस पिनांवर वापरू नये." तो माझ्याकडे बघत राहिला आणि कागद घडी न करता पिशवीत टाकून निघून गेला.

रविवार, १ जानेवारी १९८९

मंडळाची बैठक. डॉक्टर, विश्वनाथ, प्रेमिला, मी. डॉक्टर कधी आवाज चढवत नाहीत, आजही नाही.

"छपाईचा भाग कुणी लिहिला?"

"मी," विश्वनाथ म्हणाला.

ते खरंच होतं, म्हणून मी मध्ये काही बोललो नाही.

डॉक्टर म्हणाले, असल्या किती फ्लॉप्या बाहेर आहेत? मला सांगता येईना. आपण कुणाचं नाव विचारत नाही हे आपलं तत्त्व, मी म्हटलं. त्यावर ते म्हणाले, "तत्त्व चांगलं आहे, मार्तंडराव. पण उद्या दुसऱ्या गावी असंच झालं तर आपल्याला कळणारसुद्धा नाही."

प्रेमिलाने डोळे मिटून आठवेल तेवढं सांगितलं. कामठीचे दोघं. कन्हानच्या खाणीतल्या कामगारांचं मंडळ. काटोल. रामटेकचे एक मास्तर. आणि जॅकेट घातलेले एक गृहस्थ, त्यांनी दोन नेल्या, गाव सांगितलं नाही.

वाटप थांबवायचं ठरलं. विश्वनाथ चहा न घेता गेला. त्याचा स्वभाव असाच, चूक मनाला लावून घेतो. दोन दिवसांत येईल.

रविवार, ८ जानेवारी

तो आला नाही. फोन केला तर पॉलिटेक्निकमध्ये रजेवर आहे म्हणतात. या वेळी रुसून बसणं बरं नव्हे.

मी सगळ्या ठिकाणी पत्रं पाठवली. पत्ते अर्धवट, काही परत येतील. झोपेत सारखं वाटतं, कुठल्या तरी व्हरांड्यात कुणी तरी यादी वाचत बसलंय.

प्रेमिला खोलीवर आली होती. तिचं म्हणणं, कपाट काढून टाका, एकच फ्लॉपी ठेवा.

"एकात सगळं मावत नाही, प्रेमिला."

"मग जे मावत नाही ते काढा."

"आणि ज्यांचं मशीन वेगळं त्यांनी काय करायचं? लोकांकडून निवड काढून घेणं म्हणजे त्यांना अडाणी समजणं."

"सर, ते निवडत नाहीत. घाबरून एक उचलतात. रुपरावकाका तुमच्या समोरच उचलून गेले ना."

मला राग आला. मी म्हटलं, वाचायची तसदी लोकांनी घेतली पाहिजे. ती कपाटावर जुनं वर्तमानपत्र चिकटवून गेली, कुणी चुकून काही घेऊ नये म्हणून.

मला मार्ग सुचलाय. शब्द नकोत, तक्ता हवा. बाणांनी जोडलेला. प्रश्न, उत्तर, बाण, खण. चुकायची सोयच नाही.

शनिवार, १४ जानेवारी

संक्रांत. तक्ता पूर्ण झाला. तीन रंगांत काढला, उत्तम दिसतो. आमची सौ. सुमती तिळगुळाच्या ताटात गुंतलेली, तरी तिला म्हटलं, धर, आपल्या कॉलेजातलं मशीन आहे असं समज, आणि फ्लॉपी निवड. ते मशीन तिने कॉलेजच्या स्नेहसंमेलनात पाहिलंय.

ती बाणांवरून बोट फिरवत गेली, मध्ये अडखळली, मागे आली, पुन्हा गेली. "सातवा खण."

"चूक. तुझं लक्ष नाही."

"लक्ष आहे. इथं विचारलंय पिना किती. मी कशा मोजू? उघडून?"

"प्रिंटरवर लिहिलेलं असतं."

"मग ते तुम्हीच जाऊन का वाचत नाही?" असं म्हणून ती यमुताईंकडे वाण द्यायला निघून गेली. यमुताई म्हणजे शेजारच्या.

ज्याला विषयात रस नाही त्याच्यावर तपासून उपयोग नाही.

संध्याकाळी विश्वनाथकडे तिळगुळ द्यायला जावं असं मनात होतं. गेलो नाही. त्याने आधी यायला हवं.

रविवार, २२ जानेवारी

आज कन्हानला गेलो. पत्राचं उत्तर आलं नाही म्हणून राहवेना. बसस्टॅंडवरून विचारत विचारत कामगारांच्या मंडळाची खोली काढली. सचिव मधुकरराव म्हणून, धिप्पाड, खाणीत फिटर. मी कोण ते सांगितलं आणि म्हटलं, तुमच्याकडे आमची एक फ्लॉपी आहे, ती धोक्याची आहे, परत द्या.

"आता कोनती द्यू? तुमचा मानूस तर कवाच घेऊन गेला."

"कोण माणूस?"

"विश्वनाथराव. संक्रांतीच्या आधी आले होते. ताप होता अंगात, तरी भिंतीवरच्या लिस्टा पाह्यल्या एक एक. आमच्या तिघांपुढं पेनानं रेघ मारली, हे पाहा." त्यांनी भिंतीवरची यादी दाखवली. तीन नावांपुढे निळ्या शाईची आडवी रेघ, आणि शेजारी अक्षरात 'निगेटिव्ह'. "म्हने, कामठी झाली, काटोल झालं, आता रामटेकले जातो. तुमाले सांगतलं नाही का?"

मी म्हटलं, सांगितलं होतं, माझ्याच लक्षात राहिलं नाही.

परतीच्या बसमध्ये बसायला जागा होती, तरी मी उभाच राहिलो.

सोमवार, २३ जानेवारी

कॉलेज सुटल्यावर विश्वनाथकडे गेलो. त्याच्या आईने दार उघडलं. रुखमाबाई मला लहानपणापासून 'अरे मार्तंडा' म्हणतात, आज नुसतं "या" म्हणाल्या.

तो खाटेवर टेकून बसला होता. अंगावर शाल, दाढी वाढलेली. कोपऱ्यात पिशवी, आणि तिच्यात फ्लॉप्या. रामटेकची, काटोलची, कन्हानची, कामठीच्या दोन्ही.

"एक जागा राहिली," तो म्हणाला. "जॅकेटवाला. त्याचा पत्ताच लागत नाही."

"मला सांगायचं तरी. मी आलो असतो."

"तू पत्रकं लिहीत होतास."

रुखमाबाईंनी चहा आणून ठेवला आणि आत गेल्या.

"छपाई मी लिहिली," विश्वनाथ म्हणाला. "रेघ बारीक काढली ती मीच. ते मी नाकारत नाही. पण त्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तू माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाहीस. टेबलाकडे पाहून राहिला होतास. अधिकची खूण असती ना, तर नुसता 'ओ' पाहून कुणीही म्हटलं असतं की इथं काही तरी गळलंय."

"हो."

"तेवढंच तू म्हणायला हवं होतंस."

मी म्हटलं, उद्या डॉक्टरांना जाऊन सांगतो. तो म्हणाला, "आता सांग किंवा नको सांगू. पण कपाट जाळ आधी."

मग तो उठून बसला आणि त्याने कागद काढला. तापात पडल्या पडल्या याचाच विचार केला होता म्हणाला. पडदा कुठला, हार्ड डिस्क आहे की नाही, हे मशीनला आपणच विचारू शकतो, माणसाला कशाला विचारायचं? प्रिंटरला मात्र विचारता येत नाही, तो उत्तर देत नाही. म्हणून सुरुवातीला एक ओळ छापायची आणि माणसाला एकच प्रश्न: कागदावर आडवी रेघ दिसते का? हो किंवा नाही. नाही म्हटलं तर दुसरी पद्धत आपोआप.

"आणि यादीत खूणच नको," तो म्हणाला. "शब्द छापू. पॉझिटिव्ह. निगेटिव्ह. पूर्ण."

"एका फ्लॉपीत मावणार नाही."

"तुझं सुरुवातीचं रक्ताच्या थेंबाचं चित्र काढून टाकलं तर मावेल."

ते चित्र करायला मला गणपतीची सगळी सुट्टी लागली होती. मी काढून टाकू म्हटलं.

मंगळवार, २४ जानेवारी

डॉक्टरांना सांगितलं. खुणा न छापण्याचा निर्णय माझा होता, विश्वनाथने हरकत घेतली होती. ते रुग्ण तपासत होते. ऐकलं, स्टेथोस्कोप गळ्यात घातला, आणि म्हणाले, "बरं झालं सांगितलंत. आता कामाला लागा." एवढंच. मला वाटलं होतं रागावतील. रागावले असते तर बरं होतं.

रविवार, ५ फेब्रुवारी

झालं. एकच फ्लॉपी. विश्वनाथचा ताप उतरला, रोज संध्याकाळी त्याच्याकडेच बसत होतो. जुन्या मैत्रीसारखं बोलणं नाही, कामाचं तेवढं. कधी मी काही गमतीचं बोललो तर तो ऐकलं नाही असं करतो.

सदरच्या विक्रेत्याकडे, पॉलिटेक्निकमध्ये, आमच्या कॉलेजात, सगळीकडे चालवून पाहिली. प्रेमिलाने बँकेतल्या शिपायाला, सुमतीने यमुताईंना बसवलं. यमुताईंनी आयुष्यात पहिल्यांदा मशीनला हात लावला. ओळ छापून आली, त्यांनी चष्मा लावून कागद पाहिला, म्हणाल्या, "रेघ नाही दिसत मला." त्या प्रिंटरवर खरोखरच नव्हती. त्यांनी 'नाही' दाबलं आणि दुसऱ्यांदा आली.

माहितीपत्रक आता चार ओळींचं.

शनिवार, ११ फेब्रुवारी

पुन्हा वाटप सुरू. कपाट नेलं, टेबलावर एकच गठ्ठा. प्रेमिला म्हणते, लोक आता उभे राहत नाहीत, घेतात आणि जातात. एकाने विचारलं, "बाकीच्या कुठं आहेत?" ती म्हणाली, "बाकीच्या नाहीत." तो जरासा हिरमुसला. मला त्याचं मन कळलं.

आता घेणाऱ्याचं गाव विचारतो. सांगायलाच हवं असं नाही, पण सगळे सांगतात.

जॅकेटवाल्यासाठी दोन वर्तमानपत्रांत निवेदन दिलं. कुणी आलं नाही. प्रेमिलाला आता वाटतं ते वर्ध्याकडचं बोलत होते. विश्वनाथ म्हणाला, पुढच्या रविवारी वर्ध्याला जाऊन दवाखाने पाहून येतो. मी येतो म्हटलं. तो म्हणाला, "तू खाप्याला जा."

रविवार, १९ फेब्रुवारी

खाप्याला गेलो. सावनेरला क्लासवाल्याच्या मशीनवर नवी फ्लॉपी चढवली, नवी यादी छापली, एक प्रत दवाखान्यात लावली आणि एक घेऊन पुढे रुपरावांकडे.

ओसरीवर सतरंजी घातलेली. घरातली पाच-सहा माणसं जमली होती. कौसल्या उंबऱ्याशी बसली होती, मांडीवर मुलगी. अजून चेहऱ्याला रंग नाही. रुपराव तिला म्हणाले, "कौसल्या, हे नागपूरचे सर. यायनंच ते लिस्टाचं बनवलं. यायच्या लोकायनं कोराडीहून मानूस आनला नसता, तर तू नसती आज. पाया पड वं."

ती उठायला लागली. मी म्हटलं, थांबा, उठू नका.

मी तयारी करून गेलो होतो, पण सगळी वाक्यं गेली. साधंच सांगितलं. की यादीत महादेवरावांचं नाव होतं आणि रेघ नव्हती, ती आमच्या प्रोग्राममुळे. की रुपरावांनी विचारलं होतं आमची कोणती, आणि ते सांगणं माझं काम होतं. प्रिंटर नवा आहे हेही त्यांनी सांगितलं होतं. मला त्यावरून कळायला हवं होतं. मी हसलो आणि कागद दिला.

रुपरावांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"दोन महिने झाले, सर," ते म्हणाले. "मी भावाच्या डोळ्याकडं पाहून बोललो नाही. मले वाटे, माह्याच हातानं झालं. मीच ती उचलली."

त्यांचे भाऊ, कौसल्याचे सासरे, भिंतीला टेकून बसले होते. ते म्हणाले, "तू तरी काहून नाही बोलला गा मले." आणि उठून मागच्या परसात गेले. रुपराव त्यांच्यामागे गेले.

कौसल्या माझ्याकडे बघत होती. तिने एकच विचारलं. "म्हंजे महादेवभाऊ तवा इथंच होते?"

"हो."

तिने मुलीला उचललं आणि आत गेली. परत बाहेर आली नाही. थोड्या वेळाने प्रयागबाई, तिची सासू, माझ्यासमोर चहाचा कप ठेवून गेल्या. मी तो पूर्ण प्यायलो, कारण ठेवून उठणं बरं दिसलं नसतं.

निघालो तर महादेव बाहेर उभा होता. स्टॅंडपर्यंत येतो म्हणाला. मी त्याला नवी यादी दाखवली. त्याच्या नावापुढे अक्षरात निगेटिव्ह छापलेलं. त्याने वाचलं, मान हलवली, कागद परत दिला. आम्ही गल्लीतून चाललो. मी चार घरं मोजली नाहीत, तरी त्याचं घर आलं ते कळलं. दार उघडं होतं, आत माग.

स्टॅंडवर सावलीत उभे राहिलो. बसला वेळ होता.

"त्या दिवशी मी घरीच होतो, सर," तो म्हणाला. "मागावर. जीप माह्या दारावरूनच गेली. मी माग थांबवून दारात आलो, पाह्यलं. मले वाटलं कोनाकडं पाहुने आले असन. मंग परत जाऊन बसलो."

मी हातातल्या यादीची घडी केली.

"संध्याकाळपर्यंत बसलो," तो म्हणाला. "त्या दिवशी काम लय चांगलं झालं."

बस आली. तो थांबून राहिला, मी चढेपर्यंत आणि नंतरही. त्याला काय म्हणायला हवं होतं ते मला सावनेर गेलं तरी सुचलं नाही, आणि आता लिहितानाही सुचत नाही.